एकतिसावा रकाना

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी बस. पाणी पी. मग पुढचं वाच.

हिरवी शाई माझ्या ऑफिसात येऊन गेला. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत पाय लांब करून तासभर बसला होता. तोच तो, बाबांच्या कारखान्यातला तुमचा प्रोजेक्टचा साहेब, अख्ख्या कारखान्यात एकटाच हिरव्या शाईने सह्या करायचा तो. आता केस रंगवलेत, पोट सुटलंय, पण खिशाला पेन हिरव्याच टोपणाचं. हल्ली तो पंप विकणाऱ्या एका कंपनीत बडा अधिकारी आहे आणि माझ्याकडे पंप विकायला आला होता. दैव कधी कधी चक्क घरपोच येतं बघ.

आम्ही कॉस्टिक सोडा आटवायचा नवा प्लँट बांधतोय. पन्नास टक्क्यांचं सत्तर टक्के करायचं, तुमच्या तिथे करायचे तसंच. त्यातले सगळे पंप निवडायचं काम माझ्याकडे आहे. द्रव कुठला, किती गरम, तासाला किती, किती उंच चढवायचा, धातू कोणता, सील कसलं, असा चार पानी तक्ता मी भरते आणि त्यावर तीन कंपन्या आपापला पंप सुचवतात. त्यातली एक याची.

त्याने मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आईच्या पदराआडून बघत होते. तो आमच्या दारात उभा राहून आईला म्हणाला होता, "तुमच्या नवऱ्याने वाफेचा कॉक उघडला असता तर आज ही वेळ आली नसती." चपलाही काढल्या नव्हत्या त्याने. बाबांना जाऊन तेव्हा आठवडा झाला होता.

परवा माझा चहा पिता पिता तो मला म्हणाला, "मॅडम, चाळीस वर्षं कॉस्टिकवर काढलीत मी. एक सांगतो, पंप कधी वाईट नसतो, पंपापाशी उभा असलेला माणूस वाईट असतो. माझ्या हाताखालचा एक ऑपरेटर असाच गेला. जॅकेट होतं, वाफ होती, याने कॉकच उघडला नाही. अडाणी माणूस."

मी टेबलाखाली खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की नख तुटलं. वर हसून त्याला बिस्किटं पुढे केली.

मी काय करणार ते अजून ठरवलेलं नाही, पण काहीतरी करणार आहे. फोन केला असता, पण तुला घेऊन दिलेलं कानाचं मशीन खणात पडलं असणार हे मला माहीत आहे. म्हणून पत्र.

तुझी
वायसर


११ फेब्रुवारी

चि. वायसर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग मागच्या मोरीत जाऊन थुंकलो आणि तिसऱ्यांदा वाचलं.

मशीन खणात आहे हे खरं. चाळीस वर्षं पंपघरात घालवून मिळवलेलं बहिरेपण आहे, ते असं एका मशीनपायी विकून टाकायचं? शिवाय ऐकण्यासारखं कोण काय बोलतंय हल्ली. शेजारचा पंप बिघडला की मी भिंतीला हात लावतो आणि बेअरिंग गेलंय की कपलिंग ते सांगतो, तेवढं पुरे.

तर तो आला होता म्हणायचा. बिस्किटं खाल्लीन? मेला खाणारच. फुकटचं त्याने कधी सोडलं नाही. पोरी, हा माणूस मला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "कागद माझा, पाना तुझा. तू पान्याकडे बघ." बावीस वर्षं ते वाक्य माझ्या दाढेत अडकलंय. कपलिंग वाकडं बसतंय एवढंच मी सांगायला गेलो होतो. वाकडंच होतं ते.

दाजींना तो अडाणी म्हणाला काय? दाजी काय होते ते मला विचार. पंप सुरू करण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून बघितल्याशिवाय त्या माणसाने कधी बटण दाबलं नाही. तुझ्या आईला बघायला आले तेव्हाही आमच्या मोरीचा नळ गळत होता तो आधी दुरुस्त केला, मग पोरगी बघितली.

त्याची जिरव. तुझ्या जागेवरून जे जमेल ते कर. फक्त कसं करतेस ते मला आधी कळव. तुला वायसर म्हणतो ते उगाच नाही. चकती एवढीशी असते, पण नसली की सगळं गळायला लागतं. तेव्हा स्वतः जपून.

तुझा
मामा


१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

जमलं. इतकं सोपं निघालं की मला हसूच आलं.

तुला नव्याने काय सांगायचं, पण एकदा लिहून काढते म्हणजे माझंच डोकं थंड होईल. पंप दोन, एक चालू, एक राखीव, दर सोमवारी पाळी बदलायची. चालू असलेला स्वतःच्या कॉस्टिकने गरम राहतो. राखीव मात्र आठवडाभर नुसता उभा. त्याचं अंग गरम ठेवलं तरी मागची सीलची खोली, शाफ्टभोवतीची गळती रोखते ती, गार पडते, आणि सत्तर टक्क्यांचं कॉस्टिक पासष्ट अंशांच्या खाली आलं की दगड होतं. सोमवारी बटण दाबलं की त्या दगडात सीलच्या चकत्या फुटतात आणि उकळतं कॉस्टिक समोर उभ्या असलेल्याच्या तोंडावर. बाबांचं झालं ते. सीलच्या खोलीला वाफेचं जॅकेट, म्हणजे भोवती वाफ खेळवणारी दुहेरी भिंत, असतं तर झालं नसतं. ते जॅकेट या माणसाने कागदावरच रद्द केलं होतं आणि चौकशीच्या आधी जॅकेटवालं नवं झाकण बसवून "जॅकेट होतंच" म्हणाला होता. हे सगळं तूच सांगितलंयस, मी पाढ्यासारखं पाठ केलंय. मूळ कागद त्याने जाळला म्हणून तर आपण आजवर गप्प.

आता माझ्या तक्त्यात एकतिसावा रकाना आहे: पंप बंद उभा असताना सीलची खोली कशी गरम ठेवायची. तो मी कोरा सोडला. खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. फक्त कोरा.

ज्याला कॉस्टिक कळतं तो विचारणारच. दुसऱ्या दोन कंपन्यांच्या इंजिनिअरांनी आठवड्याच्या आत विचारलं, "रकाना ३१ राहिलाय का?" आमच्याकडे नियम असा की एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिघांनाही कळवायचं. मी त्या दोघांनाच कळवलं. नियम मोडला, मोडू दे. हिरव्या शाईने विचारलेलं नाही आणि तो विचारणार नाही, कारण तो वाचतच नाही. जॅकेट नाही म्हणजे त्याची किंमत सगळ्यात कमी, म्हणजे ऑर्डर त्यालाच.

आणि करारात मी एक कलम घातलंय. पंप पुरवणाऱ्या कंपनीच्या ज्या अधिकाऱ्याने पंप सुचवला त्याने पहिल्या पाळीबदलाला स्वतः हजर राहायचं आणि बटण त्यानेच दाबायचं. बाकी सगळ्यांना मी रेषेच्या मागे उभं करीन. मुखवटा, हातमोजे, अंगावरचा रबरी कोट, सगळं देईन त्याला. मी खुनी नाही, मामा. मला तो जिवंत हवाय. पंपासमोर, तोंडावर मुखवटा घेऊन, थरथर कापत. आणि मग त्याच्या कंपनीने, आमच्या कंपनीने, सगळ्यांनी विचारायला हवं की हे जॅकेटशिवायचं सील कोणी निवडलं.

शाबास म्हण ना.

वायसर


२६ फेब्रुवारी

चि. वायसर हिस आशीर्वाद.

शाबास तर आहेच. डोकं दाजींचं घेतलंयस, हट्ट आईचा.

थोडं विचारतो, म्हाताऱ्याच्या शंका म्हण. पहिली पाळी सोमवारी बदलायची असं तू म्हणतेस. पण चालू पंप शनिवारीच कुरकुरायला लागला तर? तेव्हा राखीव कोण सुरू करणार? तुमच्याकडे पाळीवर माणसं कोण आहेत, त्यांना शाफ्ट हाताने फिरवून बघायची सवय आहे का? तू त्या दिवशी तिथे असशील कशावरून? तुला ताप येईल, तुझी गाडी बंद पडेल. त्याचीही पडेल.

आणखी एक. जिरवायचीच तर दुसरा रस्ता नाही का? त्याच्या कंपनीला एक निनावी पत्र टाक. नाहीतर ऑर्डर देऊ नकोस, म्हणजे कमिशन बुडेल, तडफडेल. सुंठीवाचून खोकला जात असेल तर सुंठ कशाला उगाळायची?

माझी तब्येत बरी आहे. कानात शीळ वाजते तेवढी. खोलीला नवा रंग दिला, वास जात नाही. तू पुढच्या महिन्यात येतेस का? आलीस तर बोलू. तोपर्यंत ऑर्डरवर सही करू नकोस. कोरा रकाना मला बरा वाटत नाही.

मामा


६ मार्च

मामा,

तुझं पत्र ऑफिसातच फोडलं आणि तिथेच रडले. रागाने.

निनावी पत्र? कमिशन? बाबा नऊ दिवस त्या खाटेवर पडले होते. डोळ्यांवर पट्ट्या, छातीवर जाळी. मला आत सोडत नव्हते म्हणून मी दारातून त्यांच्याशी बोलायचे आणि ते आवाजाच्या दिशेने मान वळवायचे. त्याची किंमत कमिशन होय?

लहानपणी रोज संध्याकाळी मला मांडीवर घेऊन तूच सांगायचास, "एक दिवस येईल, वायसर." सीलच्या फुटक्या चकत्या हातात द्यायचास आणि विचारायचास, ही का फुटली सांग. मी पंप शिकले ते कशासाठी? मुलींना आवडतात म्हणून? माझ्या हातात पाना तूच दिलास आणि आता बोल्ट आवळायची वेळ आली तर तूच हात धरतोस.

तुझ्या शंकांची उत्तरं देते. चालू पंप शनिवारी कुरकुरणार नाही, नवा असेल. पाळीवरच्या माणसांना मी बजावून ठेवीन की राखीवला हात लावायचा नाही. का ते सांगणार नाही, सांगितलं तर वर जाईल. मी तिथे असेन. तापाने फणफणले तरी असेन.

किमतीची पाकिटं फुटली. त्याचीच सगळ्यात कमी. पंचवीस तारखेला ऑर्डरवर माझी सही.

तू म्हातारा झालास, मामा. घाबरायला लागलास. वाईट वाटतं, पण ते समजू शकते. आता मध्ये पडू नकोस.


१३ मार्च

वायसर,

रजिस्टर्ड पाठवतोय. सोबत एक कागद आहे, तो आत्ता बघू नकोस. आधी हे वाच.

मी घाबरलोय हे बरोबर आहे. म्हातारपणाने नाही. ताकाला जाऊन भांडं बावीस वर्षं लपवलं, आता लपवत नाही.

मूळ तक्ता त्याने जाळला नव्हता. तो माझ्या ट्रंकेत होता. सीलच्या चकत्यांच्या डब्याखाली, जिथून तू रोज खेळायला चकत्या काढायचीस.

पंप बसवायला आला तेव्हा तो तक्ता माझ्या हातात होता. एकतिसाव्या रकान्यात हिरव्या शाईने लिहिलं होतं, "गरज नाही." फिटर माणसाला हे वाचून कळतं पुढे काय होणार. मला तिथल्या तिथे कळलं. आदल्याच आठवड्यात त्याने मला "तू पान्याकडे बघ" म्हटलं होतं. मी ठरवलं, बरं, पान्याकडेच बघतो. कोणाला काही सांगितलं नाही. त्या रकान्याशेजारी शिसपेन्सिलने काय लिहिलं ते तू वाचशील. तारीख पण घातली, कारण मला वाटलं उद्या सील फुटलं, पंपाखाली तळं झालं, मोठे साहेब जमले की हा कागद काढीन आणि म्हणीन, मला आधीच माहीत होतं. एवढंच हवं होतं मला. तळं, आणि त्याचं पडलेलं तोंड.

मीही तुझ्यासारखंच सगळं आखलं होतं. पाळी सोमवारी बदलते, सोमवारी मी तिथे असेन, सगळ्यांना लांब करीन. दाजींना म्हणालो, "राखीवला हात लावू नका, मला बोलवा." ते म्हणाले, का रे? मी म्हणालो, असंच. त्यांना खरं सांगितलं असतं तर ते सरळ साहेबाकडे गेले असते. सरळ माणूस. म्हणून नाही सांगितलं. तू तुझ्या पाळीवाल्यांना सांगणार नाहीस ना, त्याच कारणाने.

चालू पंप रविवारी दुपारी घरघरायला लागला, कॉस्टिक उचलेना. मी दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर उघडून बसलो होतो. दाजींनी माणूस धाडला मला बोलवायला. तो अर्ध्या वाटेत होता तोवर टाकीची पातळी चढली, थांबलं तर वरून ओसंडलं असतं आणि खाली चार माणसं होती. दाजींनी शाफ्ट हाताने फिरवून बघितला, जड लागला, तरी फिरला. मग बटण दाबलं. पंप आपल्या वेळापत्रकाने बिघडत नाही, पोरी. एवढं साधं मला कळायला हवं होतं. जन्मभर तेच करत आलो.

पुढचंही लिहून टाकतो. पंधरा दिवसांनी नवं झाकण आलं, जॅकेटवालं, वाफेच्या कॉकसकट. साहेब म्हणाला, बसव. मी बसवलं. माझ्या हाताने. चौकशीवाल्यांनी कॉक बंद बघितला आणि लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. मी शेजारी उभा होतो. कागद काढला असता तर त्याची हिरवी शाई दिसली असती आणि माझी पेन्सिलही. म्हणून काढला नाही. तुझ्या आईने मरेपर्यंत मला राखी बांधली, जीव लावला. मी तिला सांगितलं नाही.

तुला शिकवलं ते तुझ्यासाठी की माझ्यासाठी, हे मला आता नीट सांगता येत नाही. माझा राग तुझ्या डोक्यात घातला, म्हणजे माझ्याकडे बघायला तुला सवड मिळू नये.

सूड घ्यायचाच असेल तर दोघांचा घे. पण तो रकाना भर.

मामा


२ एप्रिल

श्री. मामा यांस,

रजिस्टर पत्र व सोबतचा कागद १७ मार्च रोजी मिळाला.

त्याच दिवशी दुपारी एकतिसावा रकाना भरला: सीलच्या खोलीला वाफेचं जॅकेट, राखीव पंपालाही, कायम. तिन्ही कंपन्यांना एकाच वेळी कळवलं. पूर्वी दोघांनाच कळवल्याचं वरिष्ठांना लेखी सांगितलं. मला ताकीद मिळाली, ती योग्य आहे. सगळ्या किमती पुन्हा मागवल्या.

दोन कंपन्यांनी जॅकेटसह पंप दिले. तिसऱ्या कंपनीकडून २६ तारखेला तक्ता परत आला. किंमत वाढू नये म्हणून एकतिसाव्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहून पाठवलंय, "गरज नाही." हिरव्या शाईने. मी काही लपवलं नव्हतं, स्पष्ट मागितलं होतं, तरी. तीच दोन शब्दांची माती बावीस वर्षांनी पुन्हा त्याच रकान्यात. मी नुसतं माझं काम नीट केलं आणि तो आपणहून आत येऊन बसला. त्याचा पंप बाद झाला.

दोन्ही तक्त्यांचा हवाला देऊन बाबांच्या कारखान्याकडे अर्ज केला. तिथला नवा व्यवस्थापक भला आहे. अपघाताची फाईल पुन्हा उघडतायत, १२ मे रोजी. हिरव्या शाईलाही बोलावलंय.

आता तुमच्या कागदाबद्दल. चौकशीत ठेवायला मी त्याची झेरॉक्स काढली. पेन्सिल फिकी झाल्यामुळे झेरॉक्समध्ये उमटत नाही. हिरवी शाई मात्र काळीभोर येते. म्हणजे ही झेरॉक्स दिली तर तो एकटा अडकतो आणि तुमचं नाव कुठेच येत नाही. खोडरबरही लागत नाही.

ती झेरॉक्स मी सहा दिवस टेबलावर ठेवली होती, शेजारी मूळ कागद. त्यावर तुमची पेन्सिल: "सील गार पडणार. बघू साहेबाची कशी जिरते." अक्षर ओळखीचं आहे. माझ्या पहिलीच्या पाटीवर हेच अक्षर असायचं.

मूळ कागद परत पाठवत आहे. १२ तारखेला तुमच्याकडून जो कागद येईल, जसा येईल, तसाच मी पुढे ठेवीन. काही न आल्यास झेरॉक्स ठेवीन. मी काही सुचवत नाही.

कळावे.


९ एप्रिल

वायसर,

असं म्हणायचा हक्क राहिला नसेल तर खोडून वाच.

कागद सोबत आहे. पेन्सिलीवरून निळ्या पेनाने गिरवलं. हात हलतो हल्ली, म्हणून "जिरते" जरा वाकडं गेलंय, पण वाचता येतं. खाली नाव, हुद्दा, तारीख घातली. मागच्या बाजूला लिहिलंय की जॅकेटचं झाकण अपघातानंतर मी बसवलं. दाजींनी कॉक उघडला नाही, कारण तेव्हा कॉकच नव्हता.

कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढून बघितली. दोघंही येतो.

मामा


३० मे

मामा,

झालं.

लांब टेबल होतं, सात माणसं, पंखा करकरणारा. दोन्ही तक्ते समोर ठेवले. तो म्हणाला हे माझं अक्षरच नाही, कोणीतरी बनावट केलंय. चोराच्या उलट्या बोंबा. मग हजेरीचा कागद फिरत त्याच्यापर्यंत आला आणि त्याने सवयीने खिशातून पेन काढून सही केली. हिरवी. व्यवस्थापक त्या सहीकडे बघत राहिले, तक्त्याकडे बघत राहिले. त्याच्या ते लक्षात आलं तेव्हा त्याने पेनाला टोपण लावायचा प्रयत्न केला आणि टोपण खाली पडलं. त्याच्याबरोबर कंपनीचा माणूस आला होता, तो खुर्ची सरकवून हातभर लांब बसला. मागच्या आठवड्यात कळलं, साहेबाला घरी बसवलंय. कॉस्टिकच्या कुठल्याच कामाला यापुढे त्याची सही चालणार नाही.

बाहेर पडताना त्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही आहात तरी कोण?"

मी म्हणाले, "अडाणी माणसाची मुलगी."

फेब्रुवारीपासून हे वाक्य तोंडात घोळवत होते. त्याचा चेहरा असा पडला की मला नाचावंसं वाटलं. खोटं सांगत नाही, फार बरं वाटलं. मग जिना उतरताना बरं वाटणं संपलं, कारण निकालाचा कागद माझ्या हातात होता आणि त्यातली पुढची ओळ तुझी होती.

तुझी प्रत सोबत आहे, तरी मी लिहिते. "ऑपरेटरची चूक नाही. त्याने उपलब्ध सर्व काळजी घेतली होती. पंपाची निवड चुकीची होती. फिटरला हे माहीत होते व त्याने ते कळवले नाही." पहिली दोन वाक्यं मी आईच्या फोटोपुढे मोठ्याने वाचली. पुढची दोन वाचायची नव्हती. तरी वाचली.

काल नव्या प्लँटमध्ये पहिली पाळी बदलली. मीच होते. राखीव पंपाच्या सीलवर हात धरला, कढत होता. शाफ्ट हाताने फिरवला, लोण्यासारखा फिरला. मग बटण दाबलं. पाळीवरचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, रडताय काय, चांगला चालतोय की." 

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही माहीत नाही, विचारू नकोस. बाबा आवाजाच्या दिशेने मान वळवायचे तेव्हा तू माझ्या मागेच उभा असायचास, माझ्या खांद्यावर हात ठेवून. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आता पत्रं पुरेत. रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. स्वयंपाक करू नकोस, मी जेवायला येत नाहीये. खणातलं ते कानाचं मशीन काढ, नवा सेल घाल आणि कानात नीट बसवून दारात बस. मला तुझ्यावर ओरडायचंय, आणि त्यातला एकही शब्द तुला चुकलेला मला चालणार नाही.

वायसर